शेवंताचं थोरलं

मी बोलका माणूस नाही. चार माणसांत बसलो की माझी मान खाली जाते आणि शब्द घशातच राहतात. पण सुभेदारांच्या सशांचा विषय निघाला की मित्र मला सोडत नाहीत. एक किस्सा सांगितला की म्हणतात, तो दुसरा सांग. दुसरा सांगायला घेतला की त्याच्या पोटातून तिसरा निघतो. त्या शेडवर मी जेमतेम वर्षभर होतो. पण त्या एका वर्षात मला जेवढे धक्के बसले, तेवढे त्याआधी उभ्या आयुष्यात बसले नव्हते.

म्हणून एकदा लिहूनच काढतो. लिहिताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

*

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी तेव्हा सांगलीत गुळाच्या अडतीवर तोलार होतो. इंग्रजी दुसरीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली, पण काटा नीट वाचता येई. तेवढ्यावर काम मिळालं.

एक दिवस खाकी हाफ पँटवर फेटा बांधलेला एक उंच, मिशीवाला गृहस्थ काट्यासमोर येऊन उभा राहिला. हातात बुट्टी, बुट्टीत पाच पांढरे ससे. बाजारातून नुकतेच घेतलेले.

"ह्येंचं वजन कर."

"इथं गूळ तोलतात," मी म्हणालो.

"मग गूळ समजून तोल."

मी एकेक तोलला आणि आकडे सांगितले. त्यांनी पुन्हा तोलायला लावलं. मी पुन्हा तोलला, तेच आकडे आले, तेच सांगितले. गृहस्थ खूश झाले.

"दोनदा इचारलं तरी त्येच सांगतोस. असा मानूस मला पायजे. चल."

ते सुभेदार. पलटणीत तीस वर्षं काढून, इटलीची लढाई बघून घरी आले होते. तिथल्या खेड्यांत म्हणे घराघरामागं पिंजऱ्यात ससे असतात. बायका गवत टाकतात आणि तीन महिन्यांनी ससा भांड्यात जातो. रान लागत नाही, गुराखी लागत नाही. हे त्यांच्या डोक्यात असं बसलं की इतर माणसं लढाईवरून घड्याळं घेऊन आली, सुभेदार ही कल्पना घेऊन आले.

त्यांचं गाव साताऱ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिथं विहिरीजवळ त्यांनी शेड घातली होती. पाचगणीच्या एका शाळेत मुलींचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मेमसाहेब होत्या. त्यांच्याकडचे विलायती ससे, एक करडा नर आणि एक मादी, सुभेदारांनी मागून आणले होते. नराचं नाव कर्नल. तो बसला की उशीएवढी जागा व्यापायचा.

शेडवर शांतूनाना म्हणून एक होते, सारा जन्म मेंढरं राखण्यात गेलेले. त्यांनी कर्नलला पहिल्यांदा बघितलं आणि मागं सरकले. "ह्यो ससा? ह्येला येसण घाला."

सुभेदारांनी आम्हा दोघांना ओळीत उभं केलं आणि बेत सांगितला. "इलायतीला अंगाची काठी हाय, पन अंग भरायला त्यो सा म्हैनं लावतो. सांगलीच्या पांढऱ्याला घाई हाय, पन काठी न्हाई. कर्नलचा आन् ह्या पांढऱ्यांचा संकर करायचा. मोठ्याची काठी, धाकट्याची घाई. समजलं?"

मेमसाहेबांची अट साधी होती. तीन महिन्यांत चार पौंड भरणारे वीस ससे नाताळाच्या आत दाखवा. दाखवले तर शाळा दर आठवड्याला घेईल. नाही दाखवले तर कर्नल परत पाठवा.

दुसरी अट सुभेदारांच्या घरातून आली. शेड होती ती वीस गुंठे जमीन काकींची, म्हणजे सुभेदारांच्या बायकोची. माहेरची मिळालेली, विहिरीखालची, गावातली सगळ्यात चांगली. सुभेदारांची थोरली बहीण शेवंताआक्का कऱ्हाडात दिलेली. तिच्या थोरल्या मुलाला, दत्तूला, त्याच वीस गुंठ्यांत ऊस लावायचा होता. आक्का वर्षातून चारदा येऊन तेवढंच बोलायच्या.

काकी उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "नाताळापतोर ऱ्हावा. जानेवारीत सुरूच्या उसाची लागण हुती, त्याच्या आत माझं मी ठरवीन. आन् एक. माझ्या चुलीवर ह्यातलं काय चढायचं न्हाई."

*

पहिला धक्का मला पंधरा दिवसांतच बसला.

सकाळी शेडमध्ये गेलो तर एक पांढरी मादी स्वतःच्या पोटाचे केस दातांनी उपटत होती. उपटायची, कोपऱ्यात नेऊन ठेवायची, परत उपटायची. पोट उघडं पडलं होतं. मला वाटलं खरूज झाली. एकीला झाली म्हणजे आठवड्यात सगळ्यांना होणार. मी पळत जाऊन सुभेदारांना उठवलं.

शांतूनानांनी मेंढरांचा उपाय सांगितला, हळद आणि तेल. हळदीला काय कमी? सांगलीहून येताना मीच पायलीभर आणली होती. आम्ही तिघांनी मिळून तिला धरलं आणि चोळली. पोटाला चोळताना ती निसटायची म्हणून पाठीलाही लागली, कानांनाही लागली. शेवटी सगळा ससा पिवळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या सशाला सहा पिल्लं झाली. त्या केसांच्या गादीत, उघडीनागडी, लालभडक. ती सांगलीच्या बाजारातूनच गाभण आली होती. बाळंत होण्याआधी मादी स्वतःच्या केसांचं अंथरूण करते हे आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं.

काकी बघायला आल्या. आधी पिल्लांकडं बघितलं, मग त्या पिवळ्या आईकडं.

"लगीन कवा झालं हिचं?" त्यांनी विचारलं. "न्हाई, हळद कालच लागलेली दिसतीया."

*

मग शांतूनानांना एक विचार सुचला. सांगलीला जाऊन ससे कशाला आणायचे? आपल्या डोंगरात ससे नाहीत का? केवढे पळतात. पळणारा ससा म्हणजे घाईच की. त्याचाच संकर करू.

सुभेदारांना पटलं. मला तर ते सांगतील ते पटायचं. शांतूनाना दोन दिवस डोंगरात जाळं लावून बसले आणि एक रानससा घेऊन आले. लांब पायांचा, तांबूस, डोळे असे की आपणच चोर आहोत असं वाटावं. त्याला मेमसाहेबांच्या विलायती मादीच्या पिंजऱ्यात सोडला.

आठ दिवस त्यानं तिच्याकडं पाठ केली. मी रजिस्टरमध्ये रोज लिहायचो, "काही नाही." नवव्या दिवशी सुभेदार स्वतः चौकशीला गेले. दार उघडलं मात्र, रानससा उडाला. सुभेदार खाली बसले म्हणून वाचले. फेट्यावरून तो भिंतीवर, भिंतीवरून शेतात आणि शेतातून डोंगरात.

सुभेदारांनी फेटा झटकला. "जर्मनांच्या गोळ्यांना वाकलो न्हाई. आज सशाला वाकलो."

तरीही आम्ही महिनाभर वाट बघितली, न जाणो म्हणून. मेमसाहेब पाहणीला आल्या तेव्हा सुभेदारांनी मोठ्या विश्वासानं सगळं सांगितलं. बाई वीस वर्षं पाचगणीत होत्या, मराठी चांगलं बोलायच्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"सुभेदार, ते जनावर वेगळं, हे वेगळं. शेळीचं आणि म्हशीचं जमेल का? त्याची पिल्लं अंगभर केस घेऊन, डोळे उघडून जन्मतात. यांची आंधळी जन्मतात. तुम्ही वर्षभर बसलात तरी काही होणार नाही."

शांतूनाना खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "आवं बाईसाब, मग देवानं दोगास्नी कान सारखं कशाला दिलं? मानूस फसतुया की."

*

त्या उन्हाळ्यात विलायती मादी गेली. आम्ही पिंजऱ्यांवर ओली पोती टाकत होतो, पण ती थंड डोंगरावरची, तिला साताऱ्याचं ऊन झेपलं नाही. कर्नल जगला, पण नुसता पडून असायचा. पाऊस लागेपर्यंत त्याच्याकडून कसलीही अपेक्षा करू नका, असं मेमसाहेबांनी सांगितलं. सुभेदारांनी कॅलेंडरकडं बघायचं सोडून दिलं.

पावसात कर्नलला तरतरी आली. सांगलीच्या पाच पांढऱ्या माद्या तयार होत्या. रजिस्टरसाठी त्यांना नावं हवी होती. सुभेदारांना एक, दोन, तीन नंबर द्यायचे होते, पण काकी म्हणाल्या, "नावं मी ठिवती." पाच माद्या होत्या आणि सुभेदारांना पाच बहिणी होत्या. शेवंता, हौसा, सोना, यमुना, तानी.

सुभेदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जमीन कुणाची, हे त्यांना आठवलं असावं.

आता जोडी लावायची. कर्नलला मादीच्या पिंजऱ्यात सोडायचा की मादीला कर्नलच्या? सुभेदारांनी क्षणभरही विचार केला नाही. "पोरगी बघायला पोरगाच जातो. आपल्यात रीत हाय."

शांतूनानांनी कर्नलचं अंग पुसलं. मी त्याला दोन्ही हातांनी उचलून सोनाच्या पिंजऱ्यात ठेवलं. सोना त्याच्या निम्मीही नव्हती. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि त्याच्या नाकावर पंजा मारला. मग कान धरला. मग तो एवढा मोठा कर्नल पिंजऱ्याभोवती गोल पळायला लागला आणि ती मागं. मी त्याला बाहेर काढला तेव्हा तो थरथरत होता. दुसऱ्या दिवशी यमुना, तेच. तिसऱ्या दिवशी शेवंतानं तर त्याला दारातच घेतला. महिना असाच गेला आणि कर्नल पिंजऱ्याचं दार वाजलं तरी कोपऱ्यात जायला लागला.

मेमसाहेबांना चिठ्ठी पाठवली. उत्तर एका ओळीचं आलं. मादीला नराकडे न्या. तिच्या घरात ती कुणाला येऊ देत नाही.

आम्ही तसं केलं आणि काम झालं. शांतूनाना समाधानानं म्हणाले, "म्हंजी आपल्यावानीच हाय की. म्हायेरात जोर आसतो. सासरी गेली की गप बसती."

उंबऱ्यातून काकींचा आवाज आला. "बसती म्हनून कुनी सांगितलं?"

*

आता माझ्या हातून घडलेलं सांगायला हवं. ते सांगताना अजूनही कानशिलं तापतात.

बाजारातून गाभण आलेली ती पिवळी आणि तिच्यासारखीच आणखी एक, अशा दोन माद्यांची मिळून अकरा पिल्लं होती. नुसती पांढरी, संकराची नव्हेत. ती मोठी झाली तशी सुभेदारांनी मला नर-मादी वेगळे करायला सांगितलं. पिल्लू उताणं धरायचं, शेपटीखाली बोटानं दाबायचं आणि बघायचं. मेमसाहेबांनी एकदा दाखवलं होतं. दाखवलं तेव्हा त्यांच्याबरोबर शाळेच्या दोन मोठ्या मुली होत्या, त्यामुळं मी आढ्याकडं बघत होतो.

विचारायची लाज वाटली. मग मी तोंडावरून ओळखायचं ठरवलं. रुंद तोंडाचा नर, निमुळत्या तोंडाची मादी. सहा नर निघाले, पाच माद्या. रजिस्टरला स्वच्छ अक्षरात नोंद केली, पिंजऱ्यांवर पाट्या लावल्या.

पावसाच्या अखेरीस एका सकाळी सुभेदारांनी मला हाक मारली. ते 'नर' लिहिलेल्या पिंजऱ्यासमोर उभे होते. आत कोपऱ्यात केसांची गादी होती आणि गादीत सात पिल्लं वळवळत होती.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सुभेदार ओरडले नाहीत.  त्यांनी पाटी काढून हातात घेतली, वाचली, परत लावली.

"तीस वर्षं बराकीत काढली," ते म्हणाले. "लय बघितलं. पन ह्ये बघितलं न्हवतं."

*

गणपती गेले आणि कर्नलची पोरं जन्माला आली. पाच आयांची मिळून बावीस जगली. काय वाढत होती ती! मी दर आठवड्याला ताणकाट्याला झोळी लावून तोलायचो आणि आकडा दोनदा बघायचो. बाजारचं पांढरं पिल्लू पौंडाला पोचायच्या आत ही दीडावर गेलेली. त्यात शेवंताचं सगळ्यात मोठं पिल्लू म्हणजे नमुनाच होतं. राखाडी पाठ, पांढरे पाय. मी लिहायला बसलो की ते माझ्या सदऱ्याच्या बाहीत तोंड घालायचं, पुढं पुढं तोंडच काय ते मावायला लागलं. सुभेदार म्हणाले, "ह्यात काठीबी हाय, घाईबी हाय. ह्येला वजनाच्या विसांत धरायचा न्हाई. ह्यो उद्याचा कर्नल." आम्ही त्याला 'शेवंताचं थोरलं' म्हणायचो.

त्याच दिवसांत शेवंताआक्का आल्या. दुपारची वेळ, काकी विहिरीवर, सुभेदार साताऱ्याला. आक्का जमीन बघायला म्हणून शेडकडं आल्या आणि मी लिहीत होतो तिथं थांबल्या.

"काय रं लिवतोस?"

"रजिस्टर."

"वाच बघू."

मला नाही म्हणता येत नाही. त्यातून पान उघडं होतं ते ऑगस्टचं. मी वाचलं, "शेवंता. सकाळी कर्नलकडे नेली. कर्नलला चावली. परत आणली. संध्याकाळी पुन्हा नेली. मग राहिली."

आक्कांनी पदर खोचला. "कोन शेवंता?"

मी बोट दाखवलं. शेवंता लसूणघास खात होती. तिनं मान वर करून आक्कांकडं बघितलं आणि परत खायला लागली.

"आन् ही?"

"हौसा."

"हौसाचं काय लिवलंस?"

मी पान उलटलं. "हौसा कर्नलकडे तीनदा गेली."

आक्का वळल्या आणि घराकडं निघाल्या. नंतर घरात काय झालं मला माहीत नाही. एक भांडं पडल्याचा आवाज आला आणि आक्का त्याच दिवशी सर्व्हिस मोटारीनं कऱ्हाडला गेल्या. जाताना सुभेदारांना निरोप ठेवला, "नाताळाच्या आदी येती. दत्तूला घिऊन. जमीन मोजायची दोरीबी आनती."

दुसऱ्या दिवशी काकी शेडवर आल्या. माझं काम गेलं असं मी धरून चाललो होतो.

"सगळं वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"हौसाचंबी?"

"व्हय."

काकींनी पदराखालून एक लाडू काढला, माझ्या रजिस्टरवर ठेवला आणि गेल्या.

*

हे पुढचं मी हसत सांगू शकत नाही, पण ते घडलं.

मेमसाहेब वजनाला येणार त्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बावीस होते. थोरलं सोडून एकवीस. सगळे चाराच्या आसपास, दोनतीन काठावर. काठावरचे पास व्हावेत असं सगळ्यांनाच वाटत होतं. शांतूनानांना सगळ्यांत जास्त वाटत होतं.

मेंढा बाजाराला नेण्याआधी त्याला भिजवलेला हरभरा खाऊ घालतात आणि मिठाचं पाणी पाजतात. पोट टम्म होतं, गिऱ्हाईक खूश होतं. शांतूनानांनी जन्मभर हेच केलेलं. दुपारी मी लसूणघास आणायला गेलो असताना त्यांनी दोन काठावरच्यांना मूठमूठ हरभरा घातला. कुणाला सांगितलं नाही. वजन भरलं की मग हसत सांगू, असा त्यांचा बेत असावा.

सकाळी दोन्ही पडलेले होते. पोटं ढोलासारखी. शांतूनाना पिंजऱ्याजवळ बसले होते. फेटा सुटून गळ्यात आलेला, तो त्यांनी दिवसभर बांधला नाही.

"म्या मारलं," ते म्हणाले. "चांगलं व्हावं म्हनून मारलं."

सुभेदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मला विचारलं, "किती ऱ्हायलं?"

"एकोणीस."

आम्ही तिघंही विसाव्याकडं बघायला लागलो. ते पिंजऱ्याच्या जाळीला तोंड लावून माझ्या बाहीकडं बघत होतं.

"घे," सुभेदार म्हणाले. आवाज पलटणीतला नव्हता.

*

मेमसाहेब दहाच्या सुमारास आल्या. त्यांना खुर्ची दिली. काकी उंबऱ्यात बसल्या. शेवंताआक्का सकाळीच आल्या होत्या, ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. दत्तू त्यांच्याजवळ. गोरागोमटा, अंगानं चांगला भरलेला. मोजायची दोरी त्यानं मांडीशी ठेवली होती.

मी तोलायला सुरुवात केली. चार पौंड. चारवर दोन औंस. चारला जरा जास्त. मेमसाहेब प्रत्येक आकडा स्वतः उठून बघत होत्या. एकोणीस झाले, एकही पडला नाही. विसावं झोळीत घातलं तेव्हा काटा पावणेपाचावर जाऊन थांबला. मेमसाहेबांनी मला पुन्हा तोलायला लावलं. मी पुन्हा तोललं. पावणेपाच.

"छान," त्या म्हणाल्या. "आता एक शिजवा. मी चाखल्याशिवाय मुलींना काही देत नाही." आणि त्यांनी विसाव्याकडं बोट दाखवलं.

मी घास आणायला म्हणून विहिरीवर गेलो आणि बराच वेळ तिथंच होतो.

काकींच्या चुलीवर चढणार नव्हतं म्हणून सुभेदारांनी शेडमागं तीन दगड मांडले. कांदा, सुकं खोबरं, घरचं काळं तिखट. पलटणीत शंभर माणसांचं मटण करायला शिकलेला माणूस. वास असा सुटला की दत्तू दोरी ठेवून उठला आणि तपेल्याजवळ जाऊन उभा राहिला.

वाढायचं काम माझ्याकडं आलं. मेमसाहेबांनी खाल्लं, दोन पेले पाणी प्यायल्या, रुमालानं डोळे पुसले. "तिखट फार आहे. मांस चांगलं आहे. कोवळं. नाताळाला हे एकोणीस द्या, मग दर आठवड्याला दहा."

सुभेदारांनी टाचा जुळवून सलाम केला. दत्तू तोवर तिसरा तुकडा खात होता. आक्कांना वाढायला गेलो तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"मेम काय, हूं म्हनंल," आक्का म्हणाल्या. "ती जाईल उद्या आपल्या देशाला. जे घरात शिजत न्हाई, त्ये इकून घर चालतं व्हय? वैनी, तुमी तरी कवा तोंडात घातलंय का? न्हाई न्हवं? मग? जमीन तुमची हाय, तुमीच सांगा. ऊस का ह्ये?"

सुभेदार काकींकडं बघायला लागले. शांतूनाना जमिनीकडं बघत होते. दत्तू खात होता.

काकी उठल्या. ओसरीवर येऊन आक्कांच्या समोर मांडी घालून बसल्या आणि ताट पुढं केलं.

"वाढ रं."

 मी एक तुकडा वाढला, रस्सा घातला. काकींनी भाकरी मोडली, घास केला आणि तोंडात घातला. सावकाश चावला.

"कुनाचं रं ह्ये?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुभेदारांनी डोळे मिटले. मला काहीतरी वेगळं सांगता आलं असतं. यमुनाचं म्हणता आलं असतं, तानीचं म्हणता आलं असतं. पण मला जे आहे तेच सांगता येतं, दोनदा विचारलं तरी.

"शेवंताचं," मी म्हणालो. "थोरलं."

दत्तूचा घास तोंडाशीच थांबला.

काकींनी हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं. आक्कांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि ताट माझ्यापुढं सरकवलं.

"लय चांगलं पोसलंय," त्या म्हणाल्या. "आनखी वाढ. दत्तूलाबी वाढ."